सॉरीला आपल्याकडे काय म्हणतात

रत्नागिरी
१९ मे २०२५

सुहास,

जयभीम घालते, कारण तो भांडणातही घालायचा असतो असं आईनं शिकवलंय.

तुझा निरोप मिळाला. एक शब्द आणि पुढे जोडलेले पिवळे हात. सॉरी. वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकलास. खाली लगेच कुणीतरी हापूसच्या पेट्यांची जाहिरात टाकली, त्यामुळे तो वर सरकून दिसेनासा झाला. मी त्या गटातून बाहेर पडले आहे, म्हणून हे पत्र. टपालाला निळ्या खुणा नसतात. मला तू वाचलंस की नाही ते कळणार नाही आणि तुला मिळालंच नाही असं म्हणता येईल. दोघांची सोय.

माझी अडचण एवढीच की हा शब्द कुठल्या अर्थानं घ्यायचा ते समजेना. काल मिरजोळ्याहून येताना रिक्षात एका बाईनं माझ्या पायावर पिशवी ठेवली, सॉरी म्हणाली आणि पिशवी तिथंच राहू दिली. औषधाच्या दुकानात आईच्या गुडघ्याचं मलम मागितलं, तर तो सॉरी म्हणाला, म्हणजे नाही. आमच्या नव्या साहेबांना काही सांगावं तर ते मान वर न करता 'सॉरी?' म्हणतात, म्हणजे ऐकू आलं नाही, किंवा ऐकू आलं पण माझ्याकडून ऐकायचं नव्हतं. गेल्या महिन्यात गेटवरचा वॉचमन वारला तेव्हा सगळा स्टाफ त्याच्या बायकोला सॉरी म्हणून आला. त्यातल्या एकानंही त्याला मारलं नव्हतं. तुझा सॉरी यातला कुठला?

घडलं काय ते तुला माहीत आहे, पण तुझी आठवण मुंबई शाखेच्या इतिवृत्तासारखी आहे. गैरसोयीचं त्यात उतरत नाही. म्हणून लिहून ठेवते.

बुद्ध पौर्णिमा. नव्या विहाराचं उद्घाटन. विहार वाडीचा, त्यात बसणार वाडी, तो झाडणार वाडी, पण ठरवणार वाडीतून मुंबईला गेलेल्या तुमची मुंबई शाखा, कारण आपल्याकडे विहिरीला रहाट बसवायचा झाला तरी त्याची बैठक विक्रोळीला होते. देणगीदारांची पाटीही तुम्हीच तिकडून कोरून आणलीत, गोणपाटात गुंडाळून. तू शाखेचा अध्यक्ष, म्हणून पडदा सारायचा आणि नावं वाचायचा मान तुझा. 'जमीनदाते,' तू वाचलंस, आणि पहिलंच नाव: 'कालकथित कमलाबाई.'

कालकथित. आपल्यात माणूस गेलं की त्याच्या नावाआधी लागतो तो शब्द. जिवंत बाईच्या नावाआधी आयुष्मती लावतात. आणि कमलाबाई, आपली आई, पहिल्या रांगेत पांढऱ्या साडीत बसली होती, मेणबत्ती लावायला बोलावतील तेव्हा पटकन उठता यावं म्हणून पाय न दुमडता.

मी तुझ्याकडे बघत होते. तू थांबला नाहीस. तुझा आवाज एकदा खाली गेला, म्हणजे तुला कळलं होतं, आणि मग पुढचं नाव तू आणखी मोठ्यानं वाचलंस.

चूक कशी झाली ते भिकूकाकांनी तुमच्याच कुणाला तरी विचारून काढलं. गावशाखेचे अध्यक्ष असले तरी त्यांनाही पाटी उद्घाटनालाच दिसली. जमीन देणारे चौघे, त्यातले तिघे केव्हाच गेलेले. तुमच्याकडच्या मजकूर करणाऱ्यानं धरून चाललं की विहाराला फुकट जमीन देणारं माणूस आता कुठलं जिवंत असायला. त्यानं चौघांनाही एकच शब्द लावला. त्याला दोष देत नाही, तो आईला ओळखत नाही. पण कोरायला देण्याआधी ते तू वाचलंस आणि बरोबर आहे म्हणालास. तू तिला ओळखतोस.

आता मुद्दा. त्या दिवसापासून आई विहारात गेलेली नाही. वाडीची वंदना तीच घेते, आपल्याला आठवतं तेव्हापासून. ती ओळ म्हणते आणि वाडी मागून म्हणते. सध्या भिकूकाका मोबाइलवर कुठल्यातरी भन्तेंची वंदना लावतात आणि पंचशील चालू असताना मध्येच कर्जाची जाहिरात लागते. मी आईला म्हटलं, चल. ती म्हणाली, "मेलेल्या बायनं वंदना घ्यायची नसते. पोरं घाबरतील."

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, पुढे पावसाळ्याचे तीन महिने वंदना. त्या दिवशी वंदनेला आई तिच्या जागेवर बसलेली मला हवी आहे. त्यासाठी काय करावं लागतं ते तुला ठाऊक आहे: वाडीच्या बैठकीत यायचं आणि उभं राहायचं.

राही
(तुझी बहीण, हयात)


३ जून २०२५

सुहास,

पत्राला उत्तर मागितलं होतं, तू पार्सल पाठवलंस.

साडी चांगली आहे. स्नेहलची निवड असणार, तिच्या नवऱ्याला एवढं कळत नाही. सोबतच्या कार्डावर एक अस्वल काळजाला मिठी मारून बसलंय आणि खाली 'सॉरी आई'. म्हणजे सॉरीचा आणखी एक अर्थ निघाला: भेटवस्तू. आईनं घडी उलगडून पदर बघितला, काठ बघितले, आणि विचारलं, "ह्ये मयताला नेसवायला पाठवलान काय?" शेजारची तुळसाकाकी तेव्हा आमच्याकडे चहाला बसली होती. तिच्या नाकातून चहा आला. मी हसले नाही. साडी कपाटात आहे.

तू दुपारी फोन केलास तेव्हा आई झोपली होती. रविवारी केलास तेव्हा अंघोळीला गेली होती. तुझे फोन नेमके अशाच वेळी येतात, त्याला मी काय करू.

मला मात्र तू सांगितलंस, "ताई, मला पण वाईट वाटतंय गं." हा अर्थ मी विसरले होते. वाईट वाटणं सोपं असतं. मिरकरवाड्याला सुरमई महागली की मलाही वाईट वाटतं. शेजाऱ्याची म्हैस आटली तर वाटतं. वाईट वाटायला आपण काही केलेलं असावं लागत नाही, म्हणूनच तो अर्थ तुला पसंत पडला असेल. आईला पाटीनं मारलं, तुला वाईट वाटलं, आणि आई नि तू दोघंही दुःखात.

उभं राहायचं म्हणजे काय, असंही तू विचारलंस. लाज वाटून विचारलंस की खरंच विसरलास, देव जाणे. आणि तो आपण मानत नाही, तेव्हा मीच सांगते.

वाडीत माफी मागत नाहीत. तो शब्दच जुन्या माणसांच्या तोंडी नव्हता. माफी सरकारकडे मागायची, शेतसाऱ्याची. वाडीत उभं राहतात. सगळे खाली बसलेले, ज्याचं चुकलं तो एकटा उभा. काय केलं आणि कुणाचं केलं ते आपल्या तोंडानं सांगायचं, मग गप्प राहायचं. हात जोडायचे नाहीत, कारणं सांगायची नाहीत. ज्याचं बिघडवलं त्या माणसानं 'बस' म्हटलं की बसायचं. अध्यक्षानं म्हणून भागत नाही, बाकी वाडीनं म्हणूनही नाही.

भिकूकाकांनी तुळसाकाकीचं काजूचं झाड आपल्या हद्दीतलं समजून तोडलं होतं, तेव्हा आपण दोघं दाराशी बसून बघत होतो. सगळ्यांचा चहा पिऊन झाला तरी ती त्यांना बस म्हणेना. वर म्हणाली, "उभा ऱ्हा जरा. झाड पन उभंच व्हतं." तू तेव्हा इतका हसलास की आपल्याला बाहेर काढलं. मग शेवटी ती बस म्हणाली आणि त्या दिवसापासून भिकूकाकांच्या घरची पहिली काजूबी तिच्याकडे जाते, कुणी न सांगता.

एवढंच करायचं आहे. अस्वलाची गरज नाही.

राही


२१ जून २०२५

मा. अध्यक्ष, मुंबई शाखा,

तुमच्या लेटरहेडवरचं पत्र गावशाखेला मिळालं. भिकूकाकांनी ते विहारात वाचून दाखवलं आणि मग माझ्याकडे आणून दिलं, "तुज्या धंद्यातलं हाय, बघ" म्हणून.

ते बरोबर बोलले. मिरजोळ्याच्या कारखान्यात मी आयुष्यभर हेच टाइप करत आले आहे. कुणाचा नोकरीचा अर्ज आला की त्याला उत्तर जातं, 'कळविण्यास खेद होतो की'. हा खेद नक्की कुणाला होतो ते मला अजून सापडलेलं नाही. साहेबांना होत नाही, ते न वाचता सही करतात. मला होत नाही, मला पाचच्या आत पाकिटं बंद करायची असतात. कंपनीला व्हायला कंपनीला पोट नाही. सॉरीच्या सगळ्या भावंडांत हा खेद सर्वांत सुखी. त्याला मालकच नाही.

तुमच्या पत्रात लिहिलंय, 'अनवधानाने राहून गेलेल्या मुद्रणदोषाबद्दल शाखा दिलगीर आहे.' आई मुद्रणदोष झाली. शाखा दिलगीर झाली. सुहास नावाचा माणूस अख्ख्या पत्रात कुठे नाही, खालच्या सहीत सोडून.

सोबत पाठवलेली पट्टी मिळाली. सोनेरी, चिकटणारी, 'आयु.' छापलेली. भिकूकाकांनी ती 'कालकथित'वर लावली. आपल्या हवेत ती दोन दिवसांत कोपऱ्यातून सुटली आणि आता खालचा 'काल' डोकावतो. शाळेतून येणारी पोरं नखानं पट्टी उचलून बघतात, कमलाआजी आज कुठल्या बाजूला आहे. पाटी बदलायची तर पुढच्या वर्धापनदिनी, असा तुमचा ठराव झाल्याचंही कळलं. तोवर तिनं अधूनमधून जगावं.

आणि परवाचा फोन. तो मी जसाच्या तसा लिहिते, कारण नंतर तू म्हणशील मी वाढवून सांगते.

तू: "ताई, सॉरी बोललो ना. अजून किती वेळा बोलू?"

मी: "एकदाही बोलला नाहीस."

"ग्रूपवर टाकला, कार्डवर लिहिला, शाखेचं लेटर पाठवलं."

"तेच म्हणतेय मी."

"तुला नक्की प्रॉब्लेम काय आहे?"

"आई वंदनेला बसत नाही, हा."

"मग आईला फोन दे ना. मी बोलतो तिच्याशी."

"आई बाहेर गेलीय."

"कुठे?"

मग फोन कट झाला. इथे रेंजचं तुला माहीतच आहे.

त्या फोनमध्ये तू जो सॉरी म्हणालास, त्याचा अर्थ मला कोणत्याही कोशात बघावा लागला नाही. त्याचा अर्थ होता, गप्प बस.

आपली विश्वासू,
राही


५ जुलै २०२५

सुहास,

या वेळी तुझं पत्र आलं, हातानं लिहिलेलं. पाकिटावरचं अक्षर बघून बरं वाटलं. मग वाचलं.

'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर सॉरी.' असतील तर. हा पुढाऱ्यांचा सॉरी, तू तो कुठे शिकलास ते विचारत नाही. अध्यक्ष झाल्यावर अंगात येत असेल. म्हणजे मी तुझ्या पायावरून स्कूटर न्यायची आणि विचारायचं, हाड मोडलं असेल तर सॉरी, आणि मोडलं नसेल तर पाय बाजूला घे. आईला दुखलं की नाही ते आधी तिनं सिद्ध करायचं, मग तू विचार करणार.

पुढे तू लिहितोस की पौर्णिमेला येईन, आईला भेटेन, बैठकीलाही बसेन, पण उभा राहणार नाही. मुंबई शाखेचा अध्यक्ष गावशाखेपुढे उभा राहिला तर पायंडा पडेल, बाकीच्या वाड्याही आपापल्या अध्यक्षांना उभं करतील. सुहास, पडू दे. चांगला पायंडा आहे. जरा व्यायाम होईल सगळ्यांना.

तुला अध्यक्ष म्हणून कुणी बोलावलेलंच नाही. कमलाबाईचा मुलगा म्हणून ये. अध्यक्षाला विक्रोळीला ठेव, पंखा लावून.

आईबद्दल विचारलंस म्हणून सांगते. तब्येत बरी आहे. गुडघे जसे होते तसेच. सकाळी चूल पेटवली की तिथेच एकटी वंदना म्हणते. मागून म्हणायला कुणी नाही, तरी सवयीनं प्रत्येक ओळीनंतर थांबते, मागच्यांना वेळ देते, आणि मग पुढची ओळ घेते. मी दाराशी उभी असते. मागून म्हणत नाही. मी म्हटलं तर तिला तेवढंच पुरेल, आणि मग तुला यायचं कारण उरणार नाही.

गुरुवारी बैठक संध्याकाळी, वंदनेच्या आधी. खिरीचं दूध आमच्याकडे आहे. तुझी वाटी धरलेली आहे, पण ती बसून खायची आहे, आणि त्याआधी उभं राहायचं आहे.

राही


१२ जुलै २०२५

सुहास,

तू आला नाहीस.

स्नेहलचा निरोप दुपारी आला, ऑफिसात अचानक ऑडिट निघालं, निघता येत नाही, हे सॉरी म्हणताहेत. मी तो आईला वाचून दाखवला. हळू आणि स्पष्ट, एकही शब्द न गाळता. मला वाटलं, आता तरी तिला तुझा राग येईल.

तिनं ऐकून घेतलं आणि ट्रंकेतली पांढरी साडी काढायला सांगितली. तुझी नव्हे, जुनी. म्हणाली, "चल. उशीर व्हतोय." मला वाटलं वंदनेला येतेय. मी मनातल्या मनात जिंकले. तुझ्याशिवाय जमलं, असं तुला कसं लिहायचं त्याची वाक्यंसुद्धा रस्त्यात तयार केली. ती वाक्यं फुकट गेली.

विहारात ती तिच्या जागेवर गेलीच नाही. सगळे बसले, आणि ती मधोमध उभी राहिली.

भिकूकाका म्हणाले, "कमलाबाय, तू कशाला उभी? बस."

"तू नको बस बोलूस. तुजं काय गेलंय?" मग वाडीकडे बघून तिनं सांगितलं, एका दमात, विसरू नये म्हणून घोकून आणल्यासारखं. "माज्या सुहासनं मी जिती असताना माजं नाव मेलेल्यांत घातलान. सगळ्यांच्या म्होरं वाचलान. त्याचं चुकलं. घरातलं कोन तरी उभं ऱ्हायला होवं, म्हनून मी."

आणि गप्प झाली, रीतीप्रमाणे.

आता पंचाईत बघ. घरच्यानं घरच्यासाठी उभं राहायला हरकत नसते. पण बस म्हणायचं कुणी? ज्याचं बिघडलं त्यानं. आणि बिघडलं होतं तीच उभी होती. वाडी एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी तुळसाकाकी म्हणाली, "अगो, तुजंच गेलंय ना? मग तूच बस बोल आनि बस खाली."

आई म्हणाली, "आपलं आपन बस बोलून बसायचं, तर मग मुंबई शाखा काय वायट व्हती?"

लोक हसले. मीसुद्धा हसले, हे कबूल करते. तेवढ्यात तिनं माझ्याकडे बोट केलं.

"माजा राग कवाच गेलाय. वाचताना त्याचा आवाज खाली गेला ना, तवाच. मी घरात बसलंय ती तो येईल म्हनून. पन ही त्याला धड बोलू देत नाय, फोन माज्यापरयंत येऊ देत नाय. राग हिच्याकडं हाय सगळा. ही बस बोलंल तवा बसेन."

तिला फोनचं कसं कळलं ते मला ठाऊक नाही. तुळसाकाकीचे कान असतील. तो विषय वेगळा आहे आणि तो आत्ता मी काढत नाही.

मी म्हटलं, "आई, असं नसतं."

"नसंल. मग उभी हाय मी."

आणि ती उभीच राहिली. शेजारी खांब होता, त्याला हात लावला नाही. भिकूकाका छताकडे बघत होते. खिरीवर साय धरायला लागली. एक पोर विचारायला लागलं, आजी का उभी आहे, तर त्याच्या आईनं त्याला दाबून बसवलं. मला आईचा उजवा गुडघा दिसत होता, साडीच्या आत. तो थरथरला की साडीचा काठ हलायचा. मी तुला येतील तेवढ्या शिव्या मनात दिल्या. तू ऑडिटला बसलेला, पंख्याखाली, आणि तुझी शिक्षा आई भोगतेय, आणि ती संपवायची तर तुला सोडावं लागतंय, मला, सगळ्या वाडीसमोर. या दोन महिन्यांत तुला इतकं सोपं काहीच मी मिळू दिलं नव्हतं.

मी म्हटलं, "बस."

ती बसली. बसताना तिनं हात माझ्या खांद्यावर टाकला, जोर देऊन, आणि टेकल्या टेकल्या वंदना सुरू केली. धाप लागलेली होती, तरी. वाडी मागून म्हणायला लागली. मीही म्हटली.

तर तुला माफ झालेलं आहे. तू हजर नसताना, आणि माझ्या तोंडून. माझा अंगठा धरून उठवलेली सही आहे ही, पण बैठकीत झालेलं फिरवता येत नाही, हे तुलाही माहीत आहे. वाडीतल्या कुणी विचारलं तर मी मिटलं म्हणून सांगेन. तू विचारलंस तर मिटलेलं नाही.

आईनं फोन मागितला आहे. पुढच्या रविवारी, हे पत्र तुला पोचल्यावर, वंदना आटोपली की ती तुला करील. मी नंबर लावून देईन आणि अंगणात जाईन. ती आधी जेवलास का विचारील, त्याचं उत्तर दे. मग काय केलंस ते तुझ्या तोंडानं तिला सांग. फक्त सुरुवात सॉरीनं करू नकोस. तो शब्द कानावर पडला की ती लगेच "असू दे" म्हणते, आणि असू दे म्हटल्यावर पुढचं ऐकत नाही.

पुढचं तिला ऐकू दे.

राही